समुद्राच्या पाण्यात संरक्षित लोखंडावर चढणारा पांढरा थर: ओळखावा कसा, जपावा कधी, काढावा कुठे

गंज लागू नये म्हणून धक्क्याच्या खांबांना किंवा होडीच्या तळाला जस्ताचे, ॲल्युमिनियमचे ॲनोड (लोखंडाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) बसवले, की काही आठवड्यांत पाण्याखालच्या लोखंडावर पांढुरका, खरखरीत थर चढू लागतो. तो पाहून बहुतेकांचा हात ब्रशकडे जातो. माझं म्हणणं साधं आहे: आधी मोजा, मग ठरवा. हा थर घाण नाही. संरक्षणाचा प्रवाह लोखंडापर्यंत पोहोचतोय याचा तो पुरावा असतो, आणि बहुतेक ठिकाणी ॲनोडचं आयुष्य वाढवणारा तोच असतो. काही जागी मात्र तो खरोखर अडचण करतो, आणि काही जागी धोक्याची खूण असतो.

हे निरीक्षण फार जुनं आहे. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही याने १८२४ साली ब्रिटिश नौदलाच्या जहाजांवरचे तांब्याचे पत्रे वाचवण्यासाठी त्यांना लोखंडाचे आणि जस्ताचे तुकडे जोडून पाहिले. तांबं झिजायचं थांबलं. पण संरक्षण जास्त झालेल्या पत्र्यांवर चुन्याचा आणि मॅग्नेशियाचा पांढरा थर चढला, आणि त्यावर शेवाळ, शिंपले चिकटू लागले. तांबं विरघळेनासं झाल्यावर त्याचं विषही पाण्यात उतरेना. जहाजं जड होऊन मंदावली आणि नौदलाने तो उपाय सोडून दिला.

थर येतो कुठून

संरक्षित लोखंड म्हणजे कॅथोड. ॲनोडकडून आलेले इलेक्ट्रॉन त्याच्या पृष्ठभागावर पाण्यातल्या ऑक्सिजनला मिळतात आणि हायड्रॉक्साइड तयार होतं. प्रवाह जास्तच रेटला तर पाणीच फुटतं, हायड्रोजनचे बुडबुडे येतात, आणि तेव्हाही हायड्रॉक्साइडच उरतं. उघड्या समुद्राच्या पाण्याचा पीएच साधारण ८.१ असतो, पण धातूला चिकटलेल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्यात तो बराच वर चढतो.

समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ०.४ ग्रॅम कॅल्शियम आणि १.३ ग्रॅम मॅग्नेशियम असतं. पीएच चढला की पाण्यातल्या बायकार्बोनेटचं कार्बोनेट होतं आणि ते कॅल्शियमला पकडून कॅल्शियम कार्बोनेट म्हणून बसतं. पाण्यात मॅग्नेशियम भरपूर असल्यामुळे कॅल्साइट या त्याच्या नेहमीच्या स्फटिकरूपाची वाढ खुंटते आणि बहुतेक वेळा त्याचं ॲरागोनाइट हे रूप तयार होतं. हे कठीण असतं, धातूला घट्ट धरतं. पीएच साडेनऊच्या आसपास किंवा त्यावर गेला की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ब्रुसाइट, हेही बसायला लागतं. ते मऊ, पाणीदार आणि नखाने निघणारं असतं.

थरामुळे प्रवाहाची गरज कमी होते ती तो वीज अडवतो म्हणून नव्हे. तो सच्छिद्र असतो, ओला असतो, वीज त्यातून जाते. तो अडवतो ऑक्सिजनला. वळणावळणाच्या बारीक छिद्रांतून ऑक्सिजन लोखंडापर्यंत सावकाश पोहोचतो, मग त्याच्यासाठी लागणारे इलेक्ट्रॉनही कमी लागतात. म्हणूनच ॲनोड तेच, लोखंड तेच, पण काही आठवड्यांनी प्रवाह उतरतो आणि पोटेन्शियल (ठरावीक रेफरन्सच्या तुलनेत मोजलेलं लोखंडाचं व्होल्टेज) आणखी ऋण होतं. या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की थर नीट बसतोय असं समजावं.

पायरी १: आधी ओळख पटवा

पाण्याखाली पांढरं दिसणारं सगळं हाच थर नसतं. बार्नॅकलची (खडकांना, होड्यांना चिकटून राहणाऱ्या जीवांची) कवचं असतात, नळीत राहणाऱ्या किड्यांची वळवळती पांढरी घरं असतात, ॲनोडवर जमलेली जस्ताची किंवा ॲल्युमिनियमची पावडर असते. बार्नॅकलला ठरावीक आकार असतो, मधे तोंड असतं. खनिज थराला आकार नसतो, तो पृष्ठभागाच्या उंचसखलपणाबरोबर पसरतो. ॲनोडवरची पावडर ॲनोडवरच आणि त्याच्या खालीच दिसते.

मग पातळ, बोथट पट्टीने नाण्याएवढी जागा खरवडा. त्याहून मोठी नको. खाली काय दिसतं ते इथे महत्त्वाचं:

- राखाडी, स्वच्छ धातू: संरक्षण चालू आहे.
- थराखाली तांबूस-नारिंगी गंज: थर बसण्याआधीचा जुना गंज असेल, किंवा मधे कधीतरी संरक्षण तुटलं असेल. पोटेन्शियल मोजल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.
- काळा, चिकट पापुद्रा आणि कुजक्या अंड्यांचा वास: सल्फेटवर जगणाऱ्या जिवाणूंचं काम. गाळाजवळ आणि साचलेल्या पाण्यात हे जास्त दिसतं. तिथे नेहमीपेक्षा जास्त ऋण पोटेन्शियल लागतं, साधारणपणे −०.९० व्होल्ट धरतात.

खरवडलेली पूड वाळवून, चुरून तिच्यावर व्हिनेगरचे थेंब टाका. बुडबुडे उठले तर कार्बोनेट आहे. बुडबुडे न येता पूड सावकाश विरघळली तर बहुतांश ब्रुसाइट. दोन्ही मिसळलेले असतातच, त्यामुळे "थोडं फसफसलं, बाकीचं मुकाट विरघळलं" हेही नेहमीचंच उत्तर आहे. बार्नॅकलचं कवचसुद्धा व्हिनेगरमध्ये फसफसतं, म्हणून डोळ्यांनी ओळख आधी, व्हिनेगर नंतर.

पायरी २: पोटेन्शियल मोजा

यासाठी चांगला मल्टिमीटर आणि समुद्राच्या पाण्यात वापरायचा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स सेल (ज्याच्या तुलनेत लोखंडाचं व्होल्टेज वाचायचं तो) लागतो. मीटरची एक तार लोखंडाच्या स्वच्छ घासलेल्या जागी घट्ट लावा. रंगावर किंवा गंजावर लावलेली तार खोटं वाचन देते, आणि चुकीच्या आकड्यांमागे बहुतेक वेळा हीच भानगड असते. रेफरन्स सेल मोजायच्या जागेच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या. ॲनोडच्या शेजारी धरलात तर लोखंडाऐवजी ॲनोडचंच कौतुक वाचत बसाल.

साध्या पोलादासाठी आकडे असे वाचावेत:

- −०.६० ते −०.७० व्होल्ट: लोखंड एकटं पडलंय, गंजतंय. तार तुटली असेल, ॲनोड संपला असेल.
- −०.८० व्होल्ट किंवा त्याहून ऋण: संरक्षणाची मान्य मर्यादा.
- −०.९० ते −१.०५ व्होल्ट: जस्त-ॲल्युमिनियमच्या ॲनोडवर थर बसलेलं पोलाद इथे येऊन स्थिरावतं. कठीण, घट्ट थराची ही जागा.
- −१.१० व्होल्टच्या पलीकडे: अतिसंरक्षण. ब्रुसाइट वाढतं, हायड्रोजनचे बुडबुडे थर उचलून फोडतात.

जस्ताचे आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे ॲनोड स्वतःच −१.०० ते −१.०५ व्होल्टच्या आसपास असतात, त्यामुळे ते लोखंडाला त्यापलीकडे ओढू शकत नाहीत. अतिसंरक्षण दिसलं तर संशय बाहेरून वीज देणाऱ्या रेक्टिफायरवर किंवा चुकून बसवलेल्या मॅग्नेशियमच्या ॲनोडवर घ्या. रेक्टिफायर असेल तर आणखी एक गोष्ट आधी बघा: ऋण तार लोखंडाकडेच आहे ना? उलटी जोडली तर संरक्षण राहिलं बाजूला, तुम्ही स्वतःच लोखंड विरघळवायला बसता.

रेफरन्स म्हणून शुद्ध जस्ताचा तुकडा वापरत असाल, तर −०.८० व्होल्टची मर्यादा तिथे साधारण +०.२५ व्होल्ट अशी दिसते. वहीत कुठला रेफरन्स वापरला ते लिहिलं नाही तर वर्षभराने त्या आकड्याला काही अर्थ उरत नाही.

पायरी ३: पाणी कसलं आहे ते हिशेबात घ्या

तोच ॲनोड, तेच पोलाद, पण दोन समुद्रांत थर वेगळा बसतो. उबदार पाण्यात कॅल्शियम कार्बोनेट लवकर आणि भरपूर बसतं. थंड पाण्यात त्याची विद्राव्यता जास्त असते आणि ऑक्सिजनही जास्त विरघळलेला असतो, म्हणजे थर कमी आणि प्रवाहाची भूक जास्त. खोल समुद्रात दाब आणि थंडी यांमुळे थर आणखी पातळ, आणि पुरेशा खोलीवर पाणी कार्बोनेट बसवण्याऐवजी विरघळवायलाच तयार असतं.

डीएनव्ही या जहाजं आणि सागरी बांधकामं प्रमाणित करणाऱ्या संस्थेच्या आरपी-बी४०१ या मार्गदर्शिकेत उघड्या पोलादासाठी प्रवाहाचे आकडे दिलेत, त्यात हे सगळं मुरलेलं दिसतं. ३० मीटरपर्यंतच्या खोलीत, २० अंश सेल्सिअसहून उबदार पाण्यात सुरुवातीला दर चौरस मीटरला ०.१५० अँपिअर लागतो, पण आयुष्यभराची सरासरी ०.०७० धरली जाते. ७ अंशांहून थंड पाण्यात हेच आकडे ०.२५० आणि ०.१२० होतात. सुरुवातीचा आणि सरासरीचा आकडा यांच्यातली तफावत बव्हंशी या पांढऱ्या थराची कमाई आहे.

ती कमाई किलोत पाहू. उबदार पाण्यातलं १०० चौरस मीटर उघडं पोलाद घ्या. सरासरी ७ अँपिअर, वर्षाचे ८७६० तास, म्हणजे ६१,३२० अँपिअर-तास. ॲल्युमिनियमच्या ॲनोडची क्षमता हिशेबाला किलोमागे २००० अँपिअर-तास धरतात, म्हणजे वर्षाला सुमारे ३१ किलो ॲनोड. थर कधीच बसला नसता आणि १५ अँपिअर चालूच राहिले असते, तर सुमारे ६६ किलो. दरवर्षी हौसेने थर खरवडणारा माणूस या दुसऱ्या आकड्याच्या दिशेने चालतोय.

नदीच्या मुखाशी, खाडीत गोडं पाणी मिसळतं तिथे कॅल्शियम-मॅग्नेशियम पातळ होतं आणि थर उशिरा, कच्चा बसतो. जोराच्या प्रवाहात हायड्रॉक्साइड वाहून जातं, ऑक्सिजन भसाभस येतो, थर धरत नाही. लाटांच्या पट्ट्यात वाळूचा मारा बसतो. गाळात रुतलेल्या भागाला मात्र ऑक्सिजनच कमी, तिथे ०.०२० अँपिअरही पुरतो आणि थर फारसा दिसला नाही तरी घाबरायचं कारण नाही.

पायरी ४: नव्या बांधणीवर चांगला थर बसवा

पहिले काही आठवडे निर्णायक असतात. सुरुवातीला प्रवाह भरपूर मिळाला, तर थर पातळ पण दाट बसतो आणि पुढे लागणारा प्रवाह कमी राहतो. सुरुवातीला प्रवाह अपुरा पडला तर लोखंड धड संरक्षित नाही, धड उघडं नाही अशा अवस्थेत रेंगाळतं. गंज आणि खनिज मिसळून भुसभुशीत थर होतो, आणि तो पुढे सुधारायला जास्त प्रवाह खातो. म्हणून:

१. पोलाद पाण्यात सोडण्याआधी सुटा गंज, तेल, मातीचे डाग काढा.

२. ॲनोड आधीच जोडलेले असू द्या. "आधी बांधणी पाण्यात सोडू, ॲनोड पुढच्या महिन्यात" ही सवय सर्वांत महाग पडते.

३. रेक्टिफायर असेल तर सुरुवातीचा प्रवाह वर ठेवा, पण पोटेन्शियल −१.१० च्या पलीकडे जाऊ देऊ नका. ॲनोडवर चालणाऱ्या मोठ्या बांधकामांत काही जण सुरुवातीच्या जोमासाठी मॅग्नेशियमची पट्टी जोडतात. ती लवकर संपते आणि पुढचं काम ॲल्युमिनियम सांभाळतं.

४. पहिले महिनाभर प्रवाह तुटू देऊ नका. कोवळा थर प्रवाह थांबल्यावर टिकत नाही.

५. दर आठवड्याला त्याच जागी, त्याच रेफरन्सने वाचन घ्या. पोटेन्शियल हळूहळू ऋण होत गेलं पाहिजे.

रंगवलेल्या पृष्ठभागावर थर फक्त रंगाच्या छिद्रांत आणि ओरखड्यांत बसतो. ओरखड्यावर पांढरी रेघ दिसली तर त्या जागी संरक्षण चाललंय. पण रंगाला फोड आले असतील तर एक फोडून आतल्या पाण्याला पीएच कागद लावा. कागद गडद निळा झाला तर कॅथोडवरची अल्कली रंग उचलतेय, आणि तिथे पोटेन्शियल कमी ऋण करायची किंवा अल्कली सोसणारा रंग निवडायची वेळ आलीये.

पायरी ५: जिथे नको तिथूनच काढा

हलणारे भाग, थ्रेड, बिजागऱ्या, व्हॉल्व्हची बैठक, पाणी आत घेणाऱ्या जाळ्या, सेन्सरची टोकं, कनेक्टर. इथे अर्धा मिलिमीटर थरही काम अडवतो. वेल्डची चुंबकीय तपासणी करायची असेल तर तिथलाही थर काढावाच लागतो. प्रोपेलरवर जाड पांढरा थर चढला तर त्याची धार आणि गुळगुळीतपणा जातो.

मोठ्या पृष्ठभागावर उच्च दाबाच्या पाण्याची फवारणी हा सर्वांत सरळ मार्ग. छोट्या जागी लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी. सुटा होणारा भाग व्हिनेगरमध्ये किंवा सायट्रिक ॲसिडच्या सौम्य द्रावणात बुडवून ठेवता येतो. बुडबुडे थांबले की बाहेर काढा आणि गोड्या पाण्याने भरपूर धुवा. नुसती पोलादी किंवा कांशाची वस्तू हे सोसते. ॲल्युमिनियम किंवा जस्ताचा मुलामा असलेल्या वस्तूला आम्लात घालू नका. कुठलंही आम्ल ब्लीचच्या जवळ नेऊ नका, क्लोरीन वायू सुटतो. बंद टाकीत काम असेल तर आधी हवा खेळवा, कारण कॅथोडवर हायड्रोजन साठलेला असू शकतो.

नवे भाग असतील तर मुळावरच उपाय करा: थ्रेडवर पाण्याने न निघणारं ग्रीस, कनेक्टरवर टोपी, किंवा त्या भागावर चांगला रंग. धातू पाण्याला भिडलाच नाही तर थर बसायला जागा नाही.

जिथे पांढरं दिसलं की थांबायचं

ॲल्युमिनियमच्या तळावर जाड पांढरं दिसलं तर खूश होऊ नका. ॲल्युमिनियमला आम्लाइतकीच अल्कलीही खाते. जास्त संरक्षणाने त्याच्या पृष्ठभागावर अल्कली साठली की धातू विरघळायला लागतो, आणि जास्त ॲनोड लावून हा प्रश्न आणखी बिघडतो. −१.१० व्होल्टच्या पलीकडचं वाचन इथे लगेच कमी ऋण करायचं.

लाकडी होडीत कांशाचे बोल्ट जस्ताला जोडलेले असतात. बोल्टच्या डोक्याभोवती आतल्या बाजूने पांढरी, साबणासारखी बुळबुळीत पूड साठली असेल तर टोकदार वस्तूने लाकूड टोचून पाहा. अल्कलीने लाकडातलं लिग्निन जातं, तंतू सुटे होतात, आणि बोल्ट शाबूत असून त्याला धरणारं लाकूड नरम पडलेलं असतं. अशा ठिकाणी ॲनोड वाढवायचे नाहीत, कमी करायचे. बोल्टला स्वतःला संरक्षणाची गरज होती का, हेही विचारून बघा. चांगलं कांसं समुद्राच्या पाण्यात एकटंही बराच काळ टिकतं.

उच्च ताकदीच्या पोलादाचे बोल्ट, साखळ्या, शाफ्ट: इथे भीती थराची नाही, त्याच्याबरोबर तयार होणाऱ्या हायड्रोजनची आहे. तो धातूत शिरतो आणि ठिसूळ करतो. मऊ ब्रुसाइटचा जाड थर दिसला तर पोटेन्शियल नक्की मोजा.

बरणीत करून पाहायचा प्रयोग

वर्णनं वाचून जे कळत नाही ते तीन बरण्या शिकवतात. एकीत समुद्राचं किंवा मत्स्यालयाच्या सागरी मिठाचं पाणी, दुसरीत डिस्टिल्ड पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम शुद्ध मीठ, तिसरीत पुन्हा समुद्राचं पाणी. तिन्हींत पॉलिश पेपरने घासलेली, बुडालेलं क्षेत्रफळ दोन्ही बाजू मिळून २० चौरस सेंटिमीटर होईल अशी पोलादाची पट्टी. पहिल्या दोन बरण्यांत पट्टीपासून लांब जस्ताचा तुकडा ठेवा आणि दोघांना तारेने मीटरमधून जोडा, मीटर मिलिअँपिअरवर. तिसरी पट्टी एकटी.

तिसरी लवकरच तांबूस पडते. पहिल्या बरणीत प्रवाह काही दशांश मिलिअँपिअरवर सुरू होऊन उतरत जातो आणि पट्टीवर आधी धुरकट, मग पांढरट साय दिसते. ती जस्ताकडे तोंड केलेल्या बाजूला आणि कडांना आधी येते, कारण प्रवाहाची घनता तिथे जास्त असते. दुसरीत पट्टी गंजत नाही, पण सायही येत नाही, कारण बसायला कॅल्शियम-मॅग्नेशियमच नाही. बरणीच्या तळाला साचणारा पांढरा गाळ जस्ताचा असतो, त्याला थर समजू नका.

पाणी बदलत राहा. एका लिटर समुद्रपाण्यात बायकार्बोनेट सुमारे ०.१४ ग्रॅम असतं. ते सगळं वापरलं गेलं तरी पाव ग्रॅमच्या आत कॅल्शियम कार्बोनेट मिळतं, आणि त्या २० चौरस सेंटिमीटरवर त्याची जाडी होते साधारण ०.०४ मिलिमीटर. उघड्या समुद्रात थर मिलिमीटरांत वाढतो, कारण तिथे पाणी सतत बदलतं. हीच वाढ मुद्दाम करून घेण्याची कल्पना वोल्फ हिल्बर्ट्झ या वास्तुविशारदाने १९७० च्या दशकात मांडली. पोलादाच्या जाळीवर वीज देऊन समुद्रातूनच बांधकामाचं साहित्य जमवायचं, असा त्याचा विचार होता. पुढे थॉमस गोरो यांच्याबरोबर ती पद्धत प्रवाळ वाढवण्याकडे वळली.

वादळ किंवा सफाईनंतर

मोठ्या लाटांनी किंवा तपासणीच्या फवारणीने थर गेला, की उघड्या पडलेल्या लोखंडाची भूक एकदम वाढते. वर सांगितलेल्या मार्गदर्शिकेत सुरुवातीच्या आणि सरासरीच्या बरोबर "अंतिम" असा तिसरा आकडा असतो (उबदार उथळ पाण्यात ०.१०० अँपिअर) तो यासाठीच. ॲनोड झिजून लहान झाले असतानाही लोखंडाला पुन्हा मर्यादेत आणता आलं पाहिजे.

म्हणून सफाईच्या आदल्या दिवशी एक वाचन घ्या, लगेच नंतर एक, आणि मग दर आठवड्याला एक. आकडा आधी कमी ऋण होईल आणि मग सावकाश परत येईल. निरोगी बांधकामात तो काही आठवड्यांत −०.८० च्या पलीकडे जाऊन जुन्या जागेकडे सरकतो. −०.७५ च्या आसपास अडकून बसला तर आधी तारा आणि जोड तपासा, मग ॲनोडचं उरलेलं वजन पाहा. जोड ठीक असतील आणि ॲनोड अर्ध्याहून जास्त झिजलेले असतील, तर नवे ॲनोड पुढच्या सफाईच्या आधी बसवा.